फुकट सीट घालवली म्हणे

सकाळी शाळेच्या ग्रुपवर जॉर्ज लॅन्सबरीबद्दल, म्हणजे बायकांच्या मताधिकारासाठी खासदारकी सोडणाऱ्या ब्रिटिश खासदाराबद्दल, चार ओळी टाकल्या. लगेच एका हुशार मित्राचं उत्तर आलं, "म्हणजे फुकट सीट घालवली!" खाली हसणाऱ्यांची रांग. तेव्हापासून डोकं सटकलंय.

तर गोष्ट 1912ची. बो अँड ब्रॉमली म्हणजे लंडनच्या ईस्ट एंडमधली कामगारवस्ती. लॅन्सबरी तिथला मजूर पक्षाचा खासदार. डिसेंबर 1910मध्ये त्याने लिओ एमरीला हरवलं होतं (हाच एमरी पुढे 'छोडो भारत'च्या वेळी भारतमंत्री होता, असो). मताचा हक्क मागणाऱ्या बायका तेव्हा तुरुंगात उपोषण करत होत्या आणि सरकार नळ्या खुपसून जबरदस्तीने त्यांच्या पोटात अन्न ओतत होतं. जूनमध्ये हा गडी भर सभागृहात पंतप्रधान ॲस्क्विथच्या अंगावर धावून गेला, तोंडासमोर मूठ नाचवली. त्याला बाहेर काढलं. पुढे त्याने खासदारकी सोडली आणि बायकांच्या मताधिकाराच्या मुद्द्यावर त्याच जागेची पोटनिवडणूक लढवली. 26 नोव्हेंबरला पडला. समोरच्या ब्लेअरला 4,042 मतं, लॅन्सबरीला 3,291.

हसणाऱ्यांनो, ज्यांच्यासाठी तो उभा होता त्यांच्यातल्या एकीला तरी त्या दिवशी मत होतं का? समोरचे 'परकराचं राज्य नको' म्हणत फिरले आणि निकाल लावला पुरुषांनी. तेही सगळ्यांनी नव्हे, गरिबातल्या कित्येकांची नावंच यादीत नसत. मग 'लोकांनी नाकारलं' म्हणता ते कुठले लोक?

आमच्या जुन्या सोसायटीत पाण्याची बोंब होती. बाबा बदलीच्या गावी. टँकरची वही आई ठेवायची: वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली, पेन्सिल सुतळीने बांधलेली, रात्री दोनला आलेल्या टँकरचीही नोंद. वार्षिक सभेत टँकरवाला बदलायचा ठराव आला. आईने हात वर केला. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, हात खाली घ्या. सभासद साहेब आहेत." तिने घेतला. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले, म्हणाले, वही लिहिणारीला मत नसेल तर मलाही ही कमिटी नको. तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला. ठराव पडला, टँकरवाला तोच राहिला आणि पुढे कितीतरी वर्षं काका म्हणजे सोसायटीतला विनोद.

बरं, लॅन्सबरी चुकलाच नाही असं नाही. त्याने पक्षाला धाब्यावर बसवलं, पक्षाने हात झटकले. चळवळीतल्या बायकांचंही त्याच्या कार्यकर्त्यांशी जमेना. मतदानाच्या दिवशी मतदार आणायला त्यांच्याकडे मोटारी होत्या, पण पुरुषांच्या हुकमाखाली काम करणार नाही यावरून त्या अडून राहिल्या. वाचताना कपाळावर हात मारला मी. आणि हो, खासदार म्हणून आत राहिला असता तर आणखी चार प्रश्न विचारता आले असते. मान्य. पुढे?

'आत राहून बदल घडवू' म्हणणारे आपण रोज बघतो. आत जातात आणि आतलेच होतात. आमच्या कमिटीतही सगळे समजूतदार लोक आतच होते की. एकानेही म्हटलं नाही, "थांबा, त्यांना मोजा."

लॅन्सबरी तर हरल्यावर गप्पही बसला नाही. 1913मध्ये बायकांच्या आंदोलनाच्या बाजूने केलेल्या भाषणासाठी तुरुंगात गेला, तिथे स्वतः उपोषण केलं. 1918ला पुन्हा पडला. त्याच वर्षी तिशीपुढच्या बायकांना मत मिळालं, तेही अटी घालून. पुरुषांच्या बरोबरीने मिळालं 1928मध्ये. हा 1922ला त्याच बो अँड ब्रॉमलीतून निवडून आला आणि 1940मध्ये मरेपर्यंत तिथलाच खासदार राहिला. दहा वर्षं संसदेबाहेर काढली त्या माणसाने. तुम्ही एक ग्रुपचं ॲडमिनपद सोडून दाखवा.

जाऊ दे, उगाच चिडले. दुपारी आईला हे सगळं सांगितलं. इंग्लंडचं तिने अर्धंच ऐकलं. म्हणाली, "तेव्हा काकांना साधं थँक्यूही म्हणाले नव्हते मी. लाज वाटत होती, सगळे बघत होते ना."

ते कुटुंब नंतर नाशिकला गेल्याचं कळलं होतं. जुन्या सोसायटीतलं कोणी हे वाचत असेल आणि त्यांचा नंबर असेल, तर इनबॉक्समध्ये द्या. आईला बोलायचंय.