बिशपची खुर्ची कशी पटकावावी

गेल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंदिराच्या दाराला दोन कुलपं. एक ह्या गटाचं, एक त्या गटाचं. आईला घेऊन पाऊण तास उन्हात उभा होतो. म्हटलं, भांडतच आहात तर जरा उस्तादांकडून शिका. ते चौथ्या शतकातच होऊन गेले.

आधी पैसेवाली बाई गाठा. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या लुसिलाबाई प्रभुभोजनाआधी हुतात्म्याच्या हाडाचा मुका घेत. तिथल्या चर्चमधल्या सेसिलियनने त्यावरून झापलं, ते त्या विसरल्या नाहीत. तो बिशप होताच विरोधकांनी बाईंच्याच घरचा मायोरिनस उभा केला. पुढे ४११ साली त्याच भांडणाच्या निकालाला दोन्हीकडचे प्रत्येकी पावणेतीनशेच्या वर बिशप जमले. पहिला दिवस हजेरीतच संपला!

खुनाचा आळ घालताना मयत मेलाय ना, तेवढं बघा. ३३५ साली सोर (टायर) शहरातल्या परिषदेत अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियसने ज्याचा हात तोडला म्हणत होते, तो आर्सेनियस दोन्ही हातांनिशी हजर झाला.

आता खरी शाळा, रोम, ३६६. तिथला बिशप लिबेरियस वारला आणि एका गटाने उर्सिनसला बसवलं, दुसऱ्याने दमाससला. मग हाणामारी. नगरप्रमुख विवेंशियस शहराबाहेर जाऊन बसला. (पोलीस आमच्याकडेही उशिराच येतात.) एका चर्चमधून एका दिवसात १३७ प्रेतं निघाली. हे लिहिणारा रोमन इतिहासकार अम्मियानस ख्रिस्ती नव्हता. तो म्हणतो, भांडतील नाही तर काय! ही खुर्ची मिळाली की श्रीमंत बायकांचे नजराणे, फिरायला रथ, राजांना लाजवणाऱ्या मेजवान्या. प्रेटेक्स्टाटस नावाचा मूर्तिपूजक सरदार दमाससला हसत म्हणायचा, मला रोमचा बिशप करा, लगेच ख्रिस्ती होतो. जिंकलेला दमासस पुढे संत झाला, उर्सिनस हद्दपार. आणि ते १३७? त्यांतला एकही बिशप होणार नव्हता. कुणाच्या तरी सांगण्यावरून आले, मेले. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. दमाससच्या पाठीराख्यांनी नाही, उर्सिनसच्याही नाही.

तुमच्याकडे तर रथही नाही. लेटरहेड, शिक्का, हॉलचं भाडं आणि दोन गाळे, त्यासाठी कोर्टात सहा तारखा! तुमची पोरं आत-बाहेर करत मोबाइलवर शूटिंग करत होती. माझी आई पायरीवर बसून पुटपुटत गीत म्हणत होती, तेही घ्यायचं होतं शूटिंगमध्ये. लाज नाही वाटली? तिने कुणालाच मत दिलेलं नाही. येत्या रविवारी तिला पुन्हा आणणार आहे. दोघंही आपापली किल्ली घेऊन साडेआठला या.