आइसलँडचे नाव पुढे करून मासेमारी बंदी उठवा म्हणणाऱ्यांना

काल रात्री गोव्यातल्या मोरजीहून मामाचा फोन आला. मासेमारी बंदी उठवा म्हणणारा एक मेसेज त्याच्यापर्यंत फिरत आला होता. "आइसलँडात बंदी नसते म्हणतात, मग आमच्याच मागे का रे ही?" चाळीस वर्षे समुद्रावर काढलेला माणूस. त्याच्या छोट्या होडीला ही बंदी लागूसुद्धा नाही, ती यांत्रिक बोटींना आहे. तरी त्याला हे पटले, म्हणून लिहायला बसलो.

मेसेज थोडक्यात असा: आइसलँड जेमतेम चार लाख वस्तीचा बेटदेश. तिथे मासेमारी बंदी नाही, म्हणून तो श्रीमंत झाला. मासा लाखांनी अंडी घालतो, तो संपत नाही. कमी पडलाच तर पिंजऱ्यात वाढवता येतो. तेव्हा १ जून ते ३१ जुलैची गोव्यातली बंदी हा निव्वळ जुलूम.

"तिथे बंदी नाही" हे धडधडीत खोटे आहे. आइसलँडमध्ये दर १ सप्टेंबरला मासेमारीचे वर्ष सुरू होते. कोणत्या जातीचे किती टन मासे काढायचे हे तिथल्या सागरी संशोधन संस्थेच्या सल्ल्यावरून आधीच ठरते, आणि त्यातला वाटा बोटीबोटीला नेमून दिलेला असतो. बंदरात मासळी अधिकृत काट्यावर तोलली जाते. वाटा संपला की दुसऱ्याकडून विकत घ्या, नाहीतर घरी बसा. वसंतात कॉड अंडी घालतो तेव्हा किनाऱ्याजवळचे पट्टे बंद. जाळ्यात लहान मासे जास्त सापडले तर तो भाग तिथल्या तिथे काही दिवस बंद. लहान मासे गुपचूप समुद्रात फेकून द्यायलाही कायद्याने मनाई.

२००७ साली कॉडचा कोटा, म्हणजे वर्षभरात काढायचा ठरलेला माल, १ लाख ९३ हजार टनांवरून थेट १ लाख ३० हजारांवर आणला. एका फटक्यात तिसरा हिस्सा गेला! कॅपेलिन नावाच्या छोट्या माशाचा तर २०१९ आणि २०२० या लागोपाठच्या दोन हंगामांत कोटाच दिला नाही. आपल्याकडे ६१ दिवस ट्रॉलर धक्क्याला लागतात. उरलेल्या दहा महिन्यांत एका ट्रॉलरने किती टन ओढावेत याला मर्यादाच नाही. आणि दाखला कोणाचा, तर आइसलँडचा!

आता अंड्यांचे. हेरिंगही हजारोंनी अंडी घालतो. आइसलँडच्या उत्तरेला सिग्लुफ्योर्दुर नावाचे गाव आहे. हेरिंग खारवून पिंपांत भरण्यावर ते अख्खे गाव उभे राहिले. १९६० चे दशक संपता संपता हेरिंग दिसेनासा झाला. समुद्राचे पाणी थंड झाले हेही एक कारण होते, मान्य. पण त्याआधी उपसा बेसुमार झाला होता. आज तिथे हेरिंगचे संग्रहालय आहे.

आपला बांगडा काही वेगळा नाही. गेल्या जुलैत मामाने आणलेले बांगडे मामी विळीवर साफ करत होती. ज्याचे पोट फाडावे त्यात गाबोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, दोन्ही बाजूंना भरलेली. हेच दिवस बंदीचे का, याचे उत्तर त्या परातीत होते. पुढे ऑक्टोबरात जेटीवर याच बांगड्याचे ट्रे बघितले: बोटाएवढे मासे, मासळीच्या पिठाच्या कारखान्याकडे निघालेले. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून केरळने नियम केला, की १४ सेंटिमीटरपेक्षा लहान बांगडा आणि १० पेक्षा लहान तारली पकडायची नाही. या ट्रेमधला एक तरी बांगडा त्यात बसला असता का?

पिंजऱ्यातल्या माशांबद्दल फार लिहीत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आइसलँडच्या पश्चिमेकडच्या एका फियोर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या खाडीत, पिंजऱ्याला भोके पडून सुमारे साडेतीन हजार सामन (सॅल्मन) मासे निसटले आणि त्यातले काही नद्यांत शिरले. रानटी सामनची जात बिघडू नये म्हणून पाणबुडे उतरवून ते हुडकून मारावे लागले. आणि पिंजऱ्यातल्या माशाच्या खाद्यातही समुद्रातल्याच छोट्या माशांचे पीठ आणि तेल असते.

एक गोष्ट मात्र कबूल करतो, मनात नसतानाही. आइसलँडच्या पद्धतीत कोटा विकता येतो, त्यामुळे तो मोठ्या कंपन्यांकडे गोळा झाला आणि लहान मच्छीमार मागे पडले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २००७ मध्ये यावरून त्या देशाला दोष दिला होता. २००९ पासून तिथे उन्हाळ्यात छोट्या बोटींना गळाने मासेमारी करायला वेगळी मुभा दिली गेली. मामाचे खरे दुखणे हेच आहे, मोठ्यांनी ओढून नेले की आपल्याला काय उरणार. त्यासाठी बंदी उठवून त्याच मोठ्या ट्रॉलरना पावसातही मोकळे सोडायचे? केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी रात्री मामाच्या पडवीत बसले की समुद्रात दिवे दिसतात. त्यावर मेसेज का फिरत नाही?

१ ऑगस्टला मालिमच्या जेटीवरून ट्रॉलर सुटतील. पहिल्या आठवड्यात उतरणाऱ्या ट्रेंवर फूटपट्टी ठेवायला कोण येणार, हे सरकारला विचारणारा मेसेज लिहा. तो मामाला मी स्वतः पाठवीन.