मामा, मर्केटर इंग्रज नव्हता

"इंग्रजांनी जगाचा नकाशा मुद्दाम असा काढला की भारत चिमुकला दिसावा. खरा नकाशा दडवून ठेवलाय. उत्तर दिशा वर ठेवणं हासुद्धा गोऱ्यांचाच डाव. शाळांना पाठवा!" मामांचा हा फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर तीनदा आला, तिन्ही वेळा मी गप्प बसले. परवा माझ्या लेकीने तो जसाच्या तसा भूगोलाच्या प्रकल्पात उतरवला. आता बोलणं भाग आहे.

मामा, शाळेच्या भिंतीवरचा हा जगाचा नकाशा गेरार्डस मर्केटर या नकाशाकाराचा. तो मूळचा फ्लँडर्सचा, म्हणजे आजच्या बेल्जियममधला. साल १५६९. ईस्ट इंडिया कंपनी निघाली १६०० मध्ये, तेव्हा मर्केटरला जाऊन सहा वर्षं झाली होती. मग आपल्याला छोटं करायची सुपारी त्याला दिली कोणी?

त्याने हे का केलं, ते नकाशाच्या लांबलचक लॅटिन शीर्षकातच लिहिलंय: दर्यावर्दींच्या वापरासाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाची वाट या नकाशावर सरळ रेघ होते. त्यासाठी ध्रुवांशी एकत्र येणारे रेखांश त्याने समांतर ठेवले आणि कोन बिघडू नयेत म्हणून उभ्या दिशेनेही तेवढाच ताण दिला. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितका फुगवटा. म्हणून सुमारे २२ लाख चौरस किलोमीटरचं ग्रीनलँड तीन कोटींच्या आफ्रिकेएवढं दिसतं. भारत ग्रीनलँडच्या दीडपट आहे, यावर मामांनी खुशाल पेढे वाटावेत. पण हा कट असेल, तर त्यात इंग्लंडपेक्षा कितीतरी जास्त फायदा ध्रुवावरच्या अस्वलांचा झालाय.

उत्तर वर? अल-इद्रिसी या अरब भूगोलतज्ज्ञाच्या ११५४ च्या नकाशात दक्षिण वर होती, युरोपातल्या कित्येक जुन्या ख्रिस्ती नकाशांत पूर्व. रूढी आहे ती, बास.

आणि तो 'दडवलेला खरा नकाशा', म्हणजे फॉरवर्डसोबतच्या चित्रातला, आर्नो पीटर्स या जर्मन माणसाचा. १९७३ मध्ये त्याचा चांगला गाजावाजा झाला होता. त्यात क्षेत्रफळं बरोबर आहेत, पण देश जत्रेतल्या आरशात पाहिल्यासारखे लांबुळके होतात. त्यातून तीच पद्धत १८५५ मध्येच मांडली होती जेम्स गॉल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने. म्हणजे मामांचा खरा नकाशाच ब्रिटिश निघाला!

बरं, एवढं कबूल करते. वर्गाच्या भिंतीवर जन्मभर हाच नकाशा पाहिला की आफ्रिका लहानच वाटायला लागते. २०२५ मध्ये आफ्रिकन युनियननेही मर्केटर बाजूला सारायच्या मोहिमेला पाठिंबा दिला, आणि तो रास्त आहे.

पण इंग्रजांना भारत लहान दाखवून काय मिळणार होतं? त्यांना तो नेमका केवढा आहे हे हवं होतं, शेतसारा वसूल करायला आणि फौजा हलवायला. प्लासीनंतर दहाच वर्षांत, १७६७ मध्ये, सर्व्हे ऑफ इंडिया हे देशाची मोजणी करणारं खातं सुरू झालं. १८०२ पासून विल्यम लॅम्ब्टन हा इंग्रज मोजणी अधिकारी मद्रासहून जमिनीवर त्रिकोणाला त्रिकोण जोडत, अंतरं मोजत वर सरकत राहिला. आणि १९४७ मध्ये, आधी कधी भारतात पाऊल न टाकलेल्या रॅडक्लिफ या इंग्रज वकिलाने फाळणीची रेघ ओढून पाचेक आठवड्यांत पंजाब-बंगाल चिरले. ती रेघ लोकांना कळली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. फॉरवर्डमध्ये यातलं अक्षरही नाही.

तो लॅम्ब्टन १८२३ मध्ये, मोजणी चालू असतानाच, हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. मामांची सासुरवाडी हिंगणघाटची.