तो 'मोफत मृतदेह' मेसेज पुढे पाठवू नका

"परदेशात भारतीय माणूस वारला तर दूतावासाला फक्त फोन करा, 24 तासांत मृतदेह सरकारी खर्चाने घरी." हा मेसेज फिरतोय. गेल्या आठवड्यात मीही तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. चूक माझी. मग दूतावासांच्या सूचना आणि परराष्ट्र मंत्रालयाची माहिती वाचली.

दूतावास मृत्यूची नोंद करतो, पासपोर्ट रद्द करतो, ना-हरकत पत्र देतो. पण त्याआधी तिथला मृत्यूचा दाखला लागतो, अपघात किंवा संशय असेल तर पोलिसांचा अहवाल, शिवाय एम्बामिंगचं (मृतदेह खराब होऊ नये म्हणून करतात ती प्रक्रिया) प्रमाणपत्र. घरच्यांचं संमतीपत्रही लागतं: तिथेच अंत्यसंस्कार करायचे की मृतदेह आणायचा, ते त्यात स्पष्ट हवं. कागद अरबीत असले तर भाषांतर आलंच. 24 तास कुठले!

खर्च आधी मालकाचा किंवा विम्याचा. सौदीत तर कामगाराचा मृतदेह पाठवण्याचा खर्च कायद्यानेच मालकावर आहे. तो सोडून घरच्यांनी आधी वर्गणी गोळा करायला धावू नये. कुणाचीच ऐपत नसेल तर दूतावासाकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो अर्ज केल्यावर, परिस्थिती पाहून मिळतो, सरसकट नाही. ईसीआर पासपोर्टवर (ज्यावर काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते) गेलेल्यांच्या घरच्यांनी प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसीही शोधावी, अपघाती मृत्यूला 10 लाखांचं संरक्षण आहे.

जुना मेसेज कृपया डिलीट करा, आणि ज्यांना पाठवलात त्यांनाही कळवा.