कट्ट्यावर: मुनीमने बॅटरीची सायकल घ्यावी का?

मुनीम कागद घेऊन कट्ट्यावर आला तेव्हाच कळलं, आज लवकर उठणं नाही. मुनीम हे त्याचं नाव नव्हे. हिशेब मांडल्याशिवाय हा माणूस शिंकतसुद्धा नाही, म्हणून ते चिकटलं ते चिकटलंच. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: 'ऑफिससाठी इलेक्ट्रिक बाईक', आणि पुढे दोन प्रश्नचिन्हं.

"बाईक म्हणजे कुठली, ते आधी सांग," भाऊने तिथेच अडवलं. भाऊचं गॅरेज आहे. ज्यात इंजिन नाही ते त्याच्या लेखी खेळणं. "स्कूटर म्हणतोयस, का ताईसारखी पायडलवाली?"

"पायडलवाली."

"मग सायकल म्हण ना सरळ. बाईक काय बाईक!"

यावर पाच मिनिटं गेली. शेवटी ठरलं, की मोटर-बॅटरी काहीही असो, पायडल मारावं लागत असेल तर ती सायकल. इथून पुढे मीही सायकलच म्हणतो.

मुनीमचं ऑफिस घरापासून ११ किलोमीटर. सध्या पेट्रोलच्या स्कूटरवर जातो. कामाचे २५० दिवस धरून त्याने वर्षाचे ५,५०० किलोमीटर काढले होते. स्कूटर लिटरला ४५ देते, म्हणजे १२२ लिटर पेट्रोल. सायकलला किलोमीटरमागे १२ वॅट-तास धरले, म्हणजे वर्षाला ६६ युनिट वीज (हजार वॅट-तासांचं एक युनिट).

"७५ धर," तात्या म्हणाले. तात्या निवृत्त झाले, पण भौतिकशास्त्र शिकवायचं काही सुटलेलं नाही, फक्त वर्ग बदललाय. "प्लगमधून निघालेली सगळी वीज बॅटरीत पोचत नाही. चार्जर गरम होतो तो काय हौस म्हणून?"

मुनीमने ६६ खोडून ७५ केले. तरी एकीकडे १२२ लिटर आणि दुसरीकडे ७५ युनिट. दर कुठलाही लावा, पारडं एकाच बाजूला झुकतं.

"झालं तर मग," ताई म्हणाली. तिच्याकडे अशी सायकल वर्षभर आहे आणि तिच्यावर ती हॉस्पिटलच्या तिन्ही पाळ्या करते. "घेऊन टाक."

"थांब जरा. बॅटरी कोणी धरायची हिशेबात?" भाऊ.

भाऊ वाद घालतो तेव्हा निम्मं हट्टापायी असतं, पण इथे त्याचं बरोबर होतं. मुनीमच्या मनातली सायकल ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासवाली. गुणाकार केला की ३६० वॅट-तास. रोजच्या २२ किलोमीटरला २६४ लागणार, म्हणजे वर्षाला साधारण १८३ वेळा बॅटरी पूर्ण रिकामी करून भरल्यासारखं. अशा बॅटऱ्या ५०० ते ८०० वेळा भरल्या की मूळ ताकदीच्या ८० टक्क्यांवर येतात असं साधारण धरतात. म्हणजे पावणेतीन ते साडेचार वर्षं. पेट्रोलमध्ये वाचलेल्या पैशांतून नव्या बॅटरीसाठी दरवर्षी थोडे बाजूला काढायचे, हे मुनीमच्या कागदावर नव्हतंच. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. हिशेबातली चूक दुसऱ्याने दाखवली की हा माणूस पेन खिशात ठेवतो.

"पण ती मरत नाही, म्हातारी होते," ताई म्हणाली. "८० टक्के म्हणजे २८८. तुझं जाऊन-येऊन तेवढ्यातही होतंय. आणि दुसरा चार्जर ऑफिसात ठेवलास तर प्रश्नच मिटला."

ऑफिस ३ किलोमीटरवर असतं तर मात्र मी मुनीमला नको म्हटलं असतं. एवढ्याशा अंतरात पेट्रोल वाचून वाचणार किती? सायकलची किंमत कधी फिटायची नाही, आणि बॅटरी चालवा नाहीतर कोपऱ्यात ठेवा, वय तिचंही वाढतंच. ३ किलोमीटरला साधी सायकल पुरे. ३० किलोमीटर असतं तर दुसऱ्या टोकाला तीच गत. रोज दीड तास जायला आणि दीड तास यायला कोण पायडल मारणार?

भाऊने मग आगीचा विषय काढला. त्याच्याकडे एकाने फुगलेली बॅटरी आणली होती, उशीसारखी. मूळ चार्जर हरवला म्हणून त्याने दुसराच कुठलातरी लावला होता, पिन बसली एवढ्यावर. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्टला थांबायला हवी. आत दहा-दहा सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि प्रत्येकाची हद्द ४.२ व्होल्ट. चार्जर थांबलाच नाही आणि आतलं राखणदार सर्किटही फुटकळ निघालं, तर काय होणार? ताईने यावर वाद घातला नाही. ती स्वतः बॅटरी रात्री झोपताना लावत नाही, दाराच्या वाटेत ठेवत नाही, आणि आल्या आल्या गरम असताना तर मुळीच लावत नाही. तासभर थंड होऊ देते.

"एवढे सोपस्कार! माझ्या स्कूटरला मी तासभर थंड हो म्हणत बसत नाही," भाऊ म्हणाला. "फॅड आहे हे. जाईल."

तात्यांना हेच हवं होतं. "१८९५ साली अमेरिकेत ऑग्डन बोल्टन नावाच्या माणसाने मागच्या चाकात मोटर बसवलेल्या सायकलचं पेटंट घेतलं. सव्वाशे वर्षांचं फॅड?"

"मग सव्वाशे वर्षं होती कुठे?"

"बॅटरीची वाट बघत. शिशाची बॅटरी ओढायची म्हणजे मागे एक माणूस बसवल्यासारखं. लिथियम-आयन बाजारात आली १९९१ ला, आणि तीसुद्धा सुरुवातीला व्हिडिओ कॅमेऱ्यासारख्या छोट्या वस्तूंत."

भाऊ गप्प बसला, पण पटलं म्हणून नव्हे.

इथे मी तोंड उघडलं. दोन वर्षांपूर्वी मी साध्या सायकलने ऑफिसला जायचं ठरवलं होतं, ९ किलोमीटर. कट्ट्याने तेव्हा पैजा लावल्या होत्या, त्या सगळे जिंकले. तिसऱ्या महिन्यात सायकल गॅलरीत गेली आणि तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. सगळ्यांना वाटलं, सकाळी उठवेना. तसं नव्हतं. सकाळी मजा यायची. अंग ताजं, रस्ता रिकामा, पोचल्यावर चार लोकांनी कौतुक केलेलं. जीव जायचा संध्याकाळी. नऊ तास खुर्चीत बसून, कोणाचं तरी ऐकून घेऊन बाहेर पडायचं, आणि वारा नेमका तोंडावर. घराच्या अलीकडे एक चढ आहे, तो सकाळी उतार असतो म्हणून लक्षातही येत नाही. तो संध्याकाळी भिंतीसारखा उभा राहायचा. त्या चढाच्या पायथ्याशी एकदा मी सायकल फुटपाथला टेकवून दहा मिनिटं नुसता बसून राहिलो होतो, पेडलवरचे काळे डाग बुटाला लागलेत ते बघत. दुसऱ्या दिवशी बस.

मोटर घ्यायची ती या संध्याकाळसाठी. सकाळी सायकल कोणीही चालवतो.

तात्यांनी लगेच मुनीमचा कागद उलटा केला आणि मला विचारलं, "तुझा चढ किती उंच?"

"साधारण ४० मीटर असेल."

"तू, सायकल, बॅग मिळून १०० किलो. ४० मीटर वर न्यायला ३९,२०० ज्यूल. थकलेला माणूस १०० वॅट लावतो, म्हणजे साडेसहा मिनिटं, तेही नुसती उंची धरून. मोटरने २०० वॅट घातले की दोन-सव्वादोन मिनिटं. आणि बॅटरीतून जातात किती? मोटरमध्ये वाया जातं ते धरून साधारण १० वॅट-तास. सपाटीवर पाऊण-एक किलोमीटर जायला लागतात तेवढे."

मला तो आकडा ऐकून रागच आला. ज्या चढाने माझी सायकल गॅलरीत घातली, त्याची किंमत एवढीशी.

वाऱ्याचंही तात्यांनी सांगितलं. २० च्या वेगाने चाललात आणि समोरून १५ चा वारा असला, तर हवेच्या लेखी तुम्ही ३५ ने चाललात. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून तो तिपटीवर जातो. पण मोटर म्हणजे जादू नव्हे, हेही तेच म्हणाले. युरोपात तर नियमच आहे, मोटर २५० वॅटची आणि ताशी २५ किलोमीटरला तिने मदत थांबवायची. त्यापुढे जायचं तर वीस-बावीस किलोची सायकल तुमच्या पायांवर.

"घाम तर येतोच ना?" मुनीमचा खरा प्रश्न हा होता. त्याला दहा वाजता मीटिंगला बसायचं असतं.

"येतो, पण तुझ्या हातात असतो," ताई म्हणाली. "जाताना मी मदत जास्त घेते, सुकी पोचते. येताना कमी करते, तेवढाच व्यायाम. रात्रपाळीहून येताना पूर्ण. तेव्हा पाय फक्त फिरवायला असतात."

"मग इलेक्ट्रिक स्कूटरच घे की, पायाला विश्रांती," भाऊने शेवटचा फासा टाकला. तीही स्वस्तात चालते, युनिटला ३०-३५ किलोमीटर सहज. पण बऱ्याच स्कूटरची बॅटरी गाडीतच पक्की बसवलेली असते, प्लग खाली पार्किंगमध्ये हवा. मुनीम राहतो चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि पार्किंगमध्ये प्लगचं नाव काढलं की सोसायटीची सभा भरते. स्कूटर तिथेच बाद झाली. सायकलची बॅटरी निघते आणि हातातून वर नेता येते.

भाऊच्या बाजूने एक गोष्ट मला सांगावीच लागली, ताईसमोर. मागच्या पावसात तिचं मागचं चाक पंक्चर झालं. साधं पंक्चर, पण मोटर त्याच चाकात. फोन आला म्हणून मी गेलो. आधी मोटरची वायर सोडवायची, ती कुठे जोडलीय ते चिखलात दिसेना. मग आसाचे नट. माझ्या पिशवीतला एक पाना बसेल तर शपथ, त्याला १८ नंबर लागतो. तो मिळेपर्यंत पाऊण तास गेला. नट सुटले तेव्हा आसावरची दातेरी वॉशर सटकून गटाराच्या जाळीवर जाऊन बसली, आत पडली नाही एवढंच नशीब. ती नसली तर मोटर जोर लावताना आसच फिरतो आणि वायर पिळून तुटते. दीड तासाने ताई निघाली. तेव्हापासून तिच्या पर्समध्ये १८ चा पाना असतो.

"दाखव," भाऊ म्हणाला. तिने दाखवला. भाऊने हातात घेऊन उलटापालटा करून बघितला आणि पहिल्यांदाच मान डोलावली. पान्यासाठी, सायकलसाठी नव्हे.

मुनीम एव्हाना ताईच्या सायकलपाशी जाऊन उभा होता. आम्हाला वाटलं चक्कर मारणार. त्याने चक्कर मारली नाही. "हिची बॅटरी कशी निघते?" विचारलं. ताईने किल्ली दिली. बॅटरी काढून त्याने हातात तोलली, अडीच-तीन किलो असेल.

"आमच्या जिन्याला ७२ पायऱ्या आहेत," तो म्हणाला, आणि ती बॅटरी काखेत मारून कट्ट्याच्या पायरीवर चढला. उतरला. पुन्हा चढला. तोंडाने मोजत होता.

भाऊ म्हणाला, "७२ झाल्या की हाक मार."