उशीर कचेरीचा, भुर्दंड अर्जदाराचा

जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला बच्चू कडूंचं उपोषण झालं आणि दिव्यांगांना महिना सहा हजार रुपये द्या, ही मागणी पुन्हा ऐरणीवर आली. सप्टेंबरात राज्य सरकारने संजय गांधी निराधार योजनेतल्या दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान दीड हजारावरून अडीच हजार केलं, ऑक्टोबरपासून लागू. तेव्हापासून हा विषय निघाला की दोन सूर हमखास लागतात. पहिला, "तिकडे ब्रिटनमध्ये बघा, सरकार घरबसल्या पैसे देतं." दुसरा, "आधी खोटी प्रमाणपत्रं घेणाऱ्यांना हुडका." एका परिवीक्षाधीन आयएएस अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र २०२४ मध्ये देशभर गाजलं, त्यानंतर हा दुसरा सूर फारच चढला आहे.

रकमेसाठी भांडायलाच हवं. अडीच हजारांत आजच्या दराने काय भागतं हे सांगायला नको. पण पैसे कोणत्या तारखेपासून मोजायचे, आणि एखादा कागद उशिरा आला तर त्या माणसाचं काय करायचं, यावर आपल्याकडे कोणी आवाज चढवत नाही. ब्रिटनमध्ये भांडणं होतात ती बरीचशी याच दोन प्रश्नांवर. आणि तिथेही सगळं गोडीगुलाबीचं नाही.

ब्रिटनमधला मुख्य दिव्यांग भत्ता म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, बोलताना 'पिप'. २०१३ पासून सुरू. उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणाऱ्यालाही मिळतो. आजाराचं नाव किंवा टक्केवारी बघत नाहीत, रोजची कामं बघतात. दैनंदिन जगण्याच्या दहा आणि हिंडण्याफिरण्याच्या दोन, अशा बारा कामांवर गुण असतात. आठ गुणांना साधा दर, बाराला वाढीव. साध्या शेगडीवर स्वयंपाक जमत नाही पण मायक्रोवेव्ह वापरता येतो, याला दोन गुण. कोणी शेजारी उभं राहिल्याशिवाय जमत नाही, याला चार. २०२५-२६ मध्ये दैनंदिन भागाचा साधा दर आठवड्याला ७३.९० पौंड होता, वाढीव ११०.४०.

अर्ज फोनवरून सुरू होतो आणि फोन केला तो दिवस अर्जाची तारीख ठरतो. मग पोस्टाने जाडजूड फॉर्म येतो: तुमच्या अपंगत्वाचा रोजच्या जगण्यावर काय परिणाम होतो ते लिहा. परत पाठवायला एक महिना. हा महिना पत्रावर छापलेल्या तारखेपासून चालू होतो, पत्र दारात पडल्यापासून नाही. पोस्टात आठवडा गेला तर तो तुमचाच गेला. फॉर्म वेळेत पोचला नाही आणि सबळ कारण दिलं नाही, तर नियम सरळ आहे: नकार. प्रकृती किती गंभीर आहे हे कोणी बघतसुद्धा नाही, कारण प्रकरण तपासणीपर्यंत जातच नाही. नव्याने फोन केला की नवी तारीख, मधले महिने बुडाले.

लोक कुठे अडकतात? बहुतेक वेळा पुराव्यापाशी. हॉस्पिटलच्या तज्ज्ञाचं पत्र येऊ दे, मग सगळं एकत्र पाठवू, असं म्हणत फॉर्म टेबलावर राहतो. फॉर्म मुदतीत धाडायचा आणि पत्र मागाहून पाठवायचं, हे सल्ला केंद्रातला माणूस पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. मागाहून पाठवलेल्या प्रत्येक कागदावर नाव आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (तिथला सरकारदरबारचा ओळख क्रमांक) लिहायचा, नाहीतर तो कोणाच्या फायलीत जाऊन पडेल याचा नेम नाही. मुदत संपायच्या आत फोन केला तर साधारण दोन आठवडे वाढवून मिळतात. पोस्टाच्या खिडकीवर पाकीट पाठवल्याचा दाखला फुकट मिळतो, तो मागून घ्यायचा. फॉर्मची झेरॉक्स ठेवायची.

दुसरी अडचण जास्त वाईट. पिप देणाऱ्या सरकारी खात्याची पाकिटं खाकी असतात. नैराश्य किंवा तीव्र चिंतेचा विकार असलेला माणूस ती उघडतच नाही. म्हणजे ज्या आजारासाठी भत्ता मागायचा, तोच आजार मुदत चुकवतो. यावर नियमात उपाय आहे. सबळ कारण ठरवताना अर्जदाराची त्या वेळची प्रकृती आणि अपंगत्वाचं स्वरूप विचारात घेणं बंधनकारक आहे. मानसिक किंवा बौद्धिक अडचणीमुळे मदतीची गरज आहे अशी नोंद पहिल्या फोनलाच झाली असेल, तर फॉर्म आला नाही म्हणून अर्ज फेटाळत नाहीत, तो थेट तपासणीला पाठवतात. पण ती नोंद व्हायला हवी. पलीकडे फोनवर बसलेला माणूस ठरलेले प्रश्न वाचत असतो, आणि आपल्याकडून गेलेली माणसं "तब्येत कशी आहे" याला सवयीने "ठीक आहे" म्हणतात.

आता घड्याळ उलटं फिरवून बघा. अर्जदाराला एक महिना, मग खात्याला किती? पिपच्या कायद्यात खात्यावर दिवसांची मर्यादा नाही. योजना सुरू झाल्यावर पहिली दोन वर्षं इतका खोळंबा झाला की दोन अर्जदार कोर्टात गेले, आणि जून २०१५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या प्रकरणांतला विलंब बेकायदा ठरवला. निकाल त्या दोघांपुरता. सगळ्यांसाठी अमुक इतके दिवस असं कोर्टाने ठरवून दिलं नाही. नकार मिळाला तर आधी त्याच खात्याकडे फेरविचार मागावा लागतो, एका महिन्यात. सबळ कारण असेल तर तेरा महिन्यांपर्यंत. त्या फेरविचारालाही खात्यावर मुदत नाही. उशिरा आलेली फेरविचाराची विनंतीच खाते नाकारायचं आणि पुढचा रस्ता, म्हणजे ट्रायब्युनल या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील, बंद व्हायचा. तो २०१७ मध्ये वरच्या ट्रायब्युनलने मोकळा केला. विनंती उशिराची म्हणून नाकारली तरी अपिलाचा हक्क राहतो, असा तो निकाल. ट्रायब्युनलमध्ये एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि दिव्यांगत्वाचा अनुभव असलेला एक सदस्य बसतो. सुनावणीपर्यंत गेलेल्या पिपच्या अपिलांपैकी निम्म्याहून बरीच जास्त अर्जदाराच्या बाजूने लागत आली आहेत. खालच्या पातळीवर काय प्रतीचं काम चालतं ते यावरून समजावं.

मग "तिकडे बघा" म्हणण्यासारखं आहे तरी काय? एकच गोष्ट, पण मोठी. वर्षभराने अपील जिंकलं तरी पैसे पहिल्या फोनच्या तारखेपासून मिळतात, थकबाकीसकट. खाते जितका उशीर करील तितकी एकरकमी रक्कम फुगते. मधल्या काळात भाडं थकतं, उसनवारी होते, ते भरून येत नाहीच. पण उशीर करून सरकारचे पैसे वाचत नाहीत.

आपल्याकडे वाचतात. संजय गांधी योजनेत अर्ज सेतूतून किंवा तहसील कार्यालयात जातो, तलाठ्याची चौकशी होते, मग तालुक्याच्या समितीसमोर यादी ठेवली जाते. अनुदान चालू होतं ते मंजुरीनंतर. समितीची बैठक कधी लागेल ते अर्जदाराच्या हातात नसतं. आचारसंहिता लागली, नव्या समितीच्या नेमणुका रखडल्या, तहसीलदारांची बदली झाली, काहीही. आठ महिने बैठक लागली नाही तर अडीच हजारांप्रमाणे वीस हजार रुपये त्या माणसाचे गेले, आणि ते कुठल्याही ताळेबंदात तोटा म्हणून दिसत नाहीत.

त्यातही कागदांना वय असतं. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत घेतलेला दाखला जोडून अर्ज केला आणि प्रकरण मे महिन्यात टेबलावर आलं, की त्रुटी निघते: दाखला जुना. अर्ज दिला त्या दिवशी तो वैध होता, हे कोणी विचारात घेत नाही. पुन्हा सेतू, पुन्हा तलाठ्याकडे खेटे, पुन्हा पुढची बैठक. आणि त्या दाखल्यावर आकडा किती हवा? दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने घरातल्या एकाला वर्षात १६१ दिवस काम मिळालं तर मर्यादा ओलांडली. खोटी प्रमाणपत्रं शोधणाऱ्यांनी जरा इकडेही बघावं. खरा दाखला काढला तर माणूस बाद होईल, अशी मर्यादा ठेवायची आणि मग दाखले खोटे निघतात म्हणून कपाळाला हात लावायचा!

त्याआधीचा टप्पा दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा आणि ओळखपत्राचा, म्हणजे यूडीआयडीचा. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात, मंडळ बसतं ते ठरावीक वारीच. अस्थिव्यंगाचं लवकर होतं. बहिरेपणासाठी बेरा चाचणी आणि बौद्धिक दिव्यांगत्वासाठी बुद्ध्यांक चाचणी लागते. ते यंत्र किंवा तो मानसशास्त्रज्ञ प्रत्येक ठिकाणी नसतो, म्हणून दुसऱ्या जिल्ह्याची चिठ्ठी मिळते. केंद्राच्या २०१७ च्या दिव्यांग हक्क नियमांत प्रमाणपत्र एका महिन्यात द्यायचं होतं. ऑक्टोबर २०२४ च्या दुरुस्तीने त्याचे तीन महिने झाले. याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे, तिच्याबद्दल बोंब व्हायला हवी होती ती झाली नाही: वैद्यकीय प्राधिकाऱ्याने दोन वर्षांत निर्णय घेतला नाही, तर अर्ज निष्क्रिय होतो. अर्जदाराने परत जाऊन तो जिवंत ठेवायला सांगायचं किंवा नव्याने भरायचा. ब्रिटनचं खाते कितीही रेंगाळो, आपल्याच रेंगाळण्याची शिक्षा अर्जदाराला देण्याची सोय त्यांच्या नियमांत नाही.

अनुकरणच करायचं तर लंडनपेक्षा एडिनबराकडे बघावं. स्कॉटलंडने २०२२ पासून पिपच्या जागी स्वतःचा ॲडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आणला. फॉर्मच्या दुसऱ्या भागाला एक महिना नाही, आठ आठवडे देतात. पुरावा मिळवताना अडचण आली तर भत्ता देणारी सरकारी संस्थाच डॉक्टरकडून माहिती मागवते. फेरनिर्णय मागायला ४२ दिवस, आणि तो द्यायला संस्थेला ५६ दिवस. सत्तावन्नाव्या दिवशी अर्जदार सरळ ट्रायब्युनलकडे जाऊ शकतो. मुदत दोन्ही बाजूंना बांधली आहे आणि कचेरीने ती मोडली तर त्याचा काहीतरी परिणाम होतो. यासाठी श्रीमंत देश असावं लागत नाही.

खरं तर आपल्याकडेही असा कायदा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवसांत द्यायचा आहे. दिला नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. ज्याच्याकडे अर्जाची पोच आणि तिच्यावरची तारीख आहे त्यालाच हे करता येतं, आणि पोच न देता "ठेवून जा, बघतो" म्हणणारी खिडकी अजूनही असते. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. अनुदान अर्जाच्या तारखेपासून मोजा, आणि दाखल्याची वैधता अर्जाच्या दिवशी बघा, या दोन ओळी शासन निर्णयात घातल्या तर सहा हजारांच्या मागणीला खरी किंमत येईल. नाहीतर सहा हजारही बैठकीची वाट बघत बसतील.

परदेशी राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. व्हिसावर 'सार्वजनिक निधीचा हक्क नाही' असा शेरा असेल तर पिप मागायचा नाही. तो अर्ज व्हिसाच्या अटी मोडतो. शेरा नसला तरी साधारणपणे मागच्या १५६ आठवड्यांपैकी १०४ आठवडे ब्रिटनमध्ये राहिलेलं असावं लागतं. भारतातून आणलेलं यूडीआयडी कार्ड तिथे गुण मिळवून देत नाही, पण जुने वैद्यकीय रिपोर्ट पुरावा म्हणून जोडता येतात.

दुसरी गावाकडच्या माणसांची. डिसेंबर २०२४ पासून राज्याने निराधार अनुदान डीबीटीने, आधार जोडलेल्या खात्यावर द्यायला सुरुवात केली आणि अनेकांचे हप्ते अडकले. बँकेने खात्याला आधार जोडलं म्हणजे काम झालं असं नाही. बँकांमधली देवघेव जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत ज्या बँकेचं नाव शेवटी चढलं, तिथे पैसे जातात. लाडकी बहीण किंवा गॅसच्या अनुदानासाठी कधीतरी उघडलेलं दुसरंच खातं तिथे असतं, आणि निराधारचे पैसे तिकडे पडून राहतात. माय आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की एका मिनिटात कळतं. पण त्याला ओटीपी लागतो, आणि आईवडिलांच्या आधारला जोडलेला नंबर बऱ्याच घरांत परदेशी गेलेल्या मुलाच्या जुन्या सिमचा निघतो, रिचार्ज न केल्याने कधीच बंद पडलेला. तो नंबर आधी बदलावा लागतो. आधार केंद्रात तो बदलायचा तर त्यांना स्वतः जावं लागतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात, शुल्क ७५ रुपये. सुट्टीवर गावी जाल तेव्हा हे काम पहिल्या दोन दिवसांत उरकून घ्या, कारण नंबर अद्ययावत व्हायला वेळ लागतो आणि बँकेत जायला त्यानंतरचा दिवस हाताशी हवा.