सशांचा सातबारा

राणीला एकटीला करमत नसंल, असं घरात आधी कोण म्हणालं यावर अजून एकमत नाही. बंड्या मात्र आला. ओंजळीत मावणारा. राणीनं त्याला बघितलं, मागचा पाय धाडकन आपटला आणि पुढच्या क्षणी बंड्याचे केस हवेत उडत होते.

तिचंही चूक नाही म्हणा. सशाच्या हनुवटीखाली वासाची ग्रंथी असते. ती घासत घासत राणीनं बाजेचा पाय, शिलाई मशीन, आबांची काठी असं सगळं घर कधीच आपल्या सातबाऱ्यावर चढवून घेतलं होतं. तिथं परक्यानं पाय ठेवला, तर बांधावर होतं तेच होणार.

डॉक्टर म्हणाले, आधी दोघांची ऑपरेशनं. नर साडेतीन-चार महिन्यांत वयात येतो आणि मादी गाभण राहिल्यापासून 31 दिवसांच्या आसपास विते. आजीनं वर्षाचा हिशेब बोटांवर केला आणि म्हणाली, "करून टाका बाई लवकर!" ऑपरेशननंतरही नराला महिना-दीड महिना लांबच ठेवायचं, कारण तेवढे दिवस पिल्लं होऊ शकतात. (हे आबांना सांगताना मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.)

तोवर पिंजरे शेजारी-शेजारी, मधे वीतभर जागा. वासाची सवय व्हावी म्हणून अंथरुणांची अदलाबदल. आबांचा चुलत्याशी बांधावरून दावा चालू आहे. सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजी मी आता त्याचं धोतर हुंगू का?"

मग भेटीगाठी, त्याही कुणाचाच हक्क नसलेल्या जागेत. तशी एक न्हाणीच उरलेली. नळ कधी येतील याचा भरवसा नाही, म्हणून तीही ड्रम-घागरींनी भरलेली. उरलेल्या जागेत गोणपाट टाकलं, नाहीतर फरशीवर सशाचे पाय घसरतात. परभणीचा उन्हाळा 40 अंशांच्या पुढं, सशाला 30 लाच धाप लागते. म्हणून मुहूर्त पहाटेचा. बंड्या राणीवर चढला, राणी उलटी होऊन त्याच्या डोक्यावर. यात मोठं कोण एवढाच प्रश्न असतो, साधं चढणं चालू द्यायचं. उलटं डोक्यावर चढलं तर हळूच उतरवायचं, खालचा नको तिथं चावू शकतो. गोल गोल पाठलाग सुरू झाला तरी मधे पडायचं. बाहेरून दादा ओरडायचा, "अय, उरका की! ड्युटीला उशीर व्हायलाय!"

शेवटी एकदा राणीनं मान खाली घालून बंड्यापुढं डोकं सरकवलं. म्हणजे चाट. येडं निवांत घास खात बसलं. राणीनं पाय आपटला, तेव्हा कुठं त्यानं जीभ फिरवली.

आता एकाला दवाखान्यात न्यायचं तरी दोघांना न्यावं लागतं. नाहीतर परतलेल्याच्या अंगाला दवाखान्याचा वास येतो आणि दावा नव्यानं उभा राहतो. रिक्षावाला तीन सवाऱ्यांचे पैसे घेतो.